पुढच्या डाव्या दांड्याची जागा

गेर्वाझिओ फाब्रेत्तीच्या डाव्या खांद्यावर एके काळी अंड्याएवढा घट्टा होता. सान्ता एउरोसिया, म्हणजे आमच्या गावची संतीण, तिच्या मूर्तीची पालखी वाहणाऱ्या प्रत्येक भोयाला तो असतोच. पुढच्या डाव्या दांड्याखाली चालणाऱ्याचा जरा मोठा असतो, कारण कास्तेलतोर्बाचे सगळे रस्ते डावीकडे कलते आहेत आणि सान्ताचा भार तिकडेच येतो. रोज सकाळी दाढी करताना गेर्वाझिओ बनियनचा पट्टा बाजूला सारून घट्टा चाचपायचा. गेल्या अकरा वर्षांत तो झिजत झिजत नाहीसाच झाला होता.

"बघ हा खांदा. एखाद्या पाद्र्याला शोभेल," तो ओल्गाला म्हणायचा.

ओल्गा त्याची बायको. तिने हे इतक्यांदा ऐकलं होतं की कॉफीची किटली उतरवता उतरवता ती नुसतं विचारायची, "आज शिव्या आधी कुणाला? लुदोविकोला की ताद्देओला?"

हे दोघं म्हणजे आमचे ड्यूक. खरं तर आमच्या गावाला ड्यूक उरलेला नाही. शेवटचा होता तो इटली एक झाली त्या वर्षी भल्या पहाटे बग्गीत बसून पळाला. राज्य गेलं, टांकसाळ गेली, आणि त्याच्या महालात आता नगरपालिकेचं पाणीखातं बसतं. वंश मात्र टिकला, आणि नुसता टिकला असता तरी चाललं असतं, पण तो भांडत टिकला.

ते भांडण गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. लुदोविकोचे आजोबा थोरले. त्यांनी एका दंतवैद्याच्या मुलीशी लग्न केलं, घरचे बिथरले, आणि आजोबांनीही तावातावाने सांगून टाकलं की तुमची गादी तुम्हालाच लखलाभ, माझा हक्क मी सोडला. मग ती गादी, जी मुळात नव्हतीच, धाकट्या भावाकडे गेली. ताद्देओ त्या धाकट्याचा नातू. पुढे म्हातारपणी थोरल्या आजोबांना उपरती झाली. ते म्हणाले, रागाच्या भरात बोललेलं धरायचं नसतं, मी शब्द मागे घेतो. धाकट्यांनी सांगितलं, गेलं ते गेलं. तेव्हापासून आम्हाला दोन ड्यूक. दोघंही सरदारक्या वाटतात. आमचा औषधवाला लुदोविकोचा सरदार आहे आणि खाटीक ताद्देओचा, आणि दोघं छातीला पदक लावून एकमेकांना नमस्कार करायचं टाळतात.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, आणि सान्ताच्या कुलपाचा प्रश्न नसता तर आम्ही जन्मभर हसत बसलो असतो.

सान्ता वर्षभर चर्चमध्ये लोखंडी जाळीच्या दाराआड असते. दाराला तीन कुलपं. एकाची किल्ली पाद्रीबाबांकडे, एकाची नगराध्यक्षांकडे, तिसऱ्याची ड्यूककडे. पंचवीस जूनला तिघांनी आपापल्या हाताने कुलूप काढलं की सान्ता बाहेर येते, गावाला फेरी घालते, आणि वर्षभर आमच्या द्राक्षमळ्यांवर गारा पडत नाहीत. अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी दोन्ही ड्यूक आपापली किल्ली घेऊन हजर झाले. ताद्देओने गुपचूप दुसरी घडवून घेतली होती. कुलूप एक आणि हात दोन. जाळीसमोर ढकलाढकली झाली, मेणबत्त्यांचा घोडा कोसळला आणि नगराध्यक्षबाईंची बाही पेटली. बिशपसाहेबांनी फर्मान काढलं की किल्ली कुणी फिरवायची हे त्या घरात ठरेपर्यंत पालखी बंद. त्याच ऑगस्टमध्ये गारपीट झाली. पुढच्या वर्षीही झाली.

बाहेरगावचे लोक म्हणतात, कुलूप तोडा ना सरळ. त्यांना काय कपाळ सांगायचं? दार फोडून बाहेर काढलेली सान्ता गारा अडवेल असं इथे एकालाही वाटत नाही.

गेर्वाझिओचा मळा नव्हता. त्याचा जन्म चीजच्या कारखान्यात गेला. त्याला घोर होता तो जागेचा. आमच्याकडे भोई सत्तराव्या वर्षी दांडा सोडतो, आणि त्याची जागा तोंडी किंवा लेखी देता येत नाही. पालखी चालू असताना, पावाच्या भट्टीच्या कोपऱ्यावर, मुकादम "पालट" म्हणून ओरडतो. जुना भोई वारसाला नावाने हाक मारतो, दांड्याखालून बाहेर पडतो आणि त्याच पावलात वारस आत शिरतो. पालखी थांबत नाही. गेर्वाझिओला ती जागा त्याच्या बापाने अशीच दिली होती. तो कोपरा गेला की गेला. न दिलेली जागा चिठ्ठ्या टाकून ज्याला निघेल त्याला जाते. गेर्वाझिओला जुलैत सत्तर पूर्ण होणार होती. म्हणजे हा जून शेवटचा, आणि चार पिढ्यांची जागा राहणार की जाणार हे दोन रिकामटेकड्या म्हाताऱ्यांच्या मर्जीवर होतं. याचीच त्याला चीड यायची.

जागा कुणाला द्यायची हे त्याने ठरवलेलं होतं. मुलीला, नीवेसला. खरं म्हणजे थोरला लोरिस, पण नऊ वर्षांपूर्वी ईस्टरच्या जेवणावर बापलेकांची जुंपली, आणि लोरिसने बशी सारून सांगितलं, "तुमची सान्ता, तुमचे दांडे, सगळं तुम्हालाच लखलाभ. माझी जागा द्या कुणालाही." तो स्टुटगार्टला ट्रकच्या कारखान्यात निघून गेला. त्याच संध्याकाळी गेर्वाझिओने नीवेसला सांगितलं, जागा तुझी. बाई दांड्याखाली कशी, म्हणून भोयांच्या मंडळात कुरकुर झाली तेव्हा त्याने टेबलावर मुठी आपटून ते मंजूर करून घेतलं. नीवेस त्याच चीजच्या कारखान्यात कामाला होती. चीजची चाळीस किलोची गोल चाकं ती मुद्दाम डाव्या खांद्यावरून न्यायची.

एप्रिलमध्ये एका दुपारी गेर्वाझिओ बारमध्ये ओत्तोरिनोसमोर जाऊन बसला. ओत्तोरिनो भोयांचा मुकादम.

"बिशपसाहेबांना भेटलास? काय म्हणाले?"

"तेच. दोघांनी मिळून येऊन सांगावं."

"ते दोघं मिळून मुतायलासुद्धा जाणार नाहीत."

"मग तू जा. दोघांकडे जा. मला लुदोविको दारात उभं करत नाही, मी खाटकाचा साडू पडलो. तू कुणाचाच नाहीस."

"मी जाऊन काय सांगू? सरकार, माझं वय झालं, तुमचं भांडण जरा उरका?"

"हो, तसंच सांग. नाहीतरी तू गेली अकरा वर्षं हेच आम्हाला सांगतोयस. आम्ही काय कुलूप उघडणार आहोत?"

गेर्वाझिओ रागारागाने उठला आणि घरी गेला. पण त्या रात्रीच्या जेवणात त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली. तिसऱ्या कुलपाची किल्ली दोनदा फिरवावी लागते. एका फेऱ्याने नुसता खटका सरकतो, दुसऱ्या फेऱ्याने दार सुटतं. एकाने एक फेरा, दुसऱ्याने दुसरा. इतकी साधी गोष्ट एवढ्या वर्षांत कुणालाच कशी सुचली नाही म्हणून त्याला आधी आनंद झाला आणि मग सगळ्या गावाचाच राग आला.

डॉन लुदोविको, दोन्ही ड्यूकांना आम्ही अजून मानाने डॉन म्हणतो, गावाच्या वरच्या अंगाला, जुन्या तबेल्यावरच्या तीन खोल्यांत राहतो. त्याने गेर्वाझिओला अक्रोडाची दारू दिली, स्वतः मधमाश्यांबद्दल बोलत राहिला, आणि शेवटी सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "पहिला फेरा माझा."

"सरकार, कुणाचाही असू दे की."

"कुणाचाही कसा? थोरल्याचा मान पहिला असतो. ताद्देओ माझ्यानंतर हात लावेल. माझ्या आधी नाही."

"म्हणजे पहिला मिळाला तर तुमची हरकत नाही?"

"मुळीच नाही. मागून काय वाटेल ते करू दे त्याला."

दुसऱ्या दिवशी गेर्वाझिओ बस पकडून शहरात गेला. डॉन ताद्देओचं तिथे न्हाणीघराच्या फरशांचं दुकान आहे. तो एका बाईला निळ्या आणि हिरव्यातला फरक समजावून सांगत होता. ती गेल्यावर त्याने गेर्वाझिओला एका नव्याकोऱ्या टबाच्या काठावर बसवलं.

"पहिला फेरा?" तो हसून म्हणाला. "घेऊ दे त्याला पहिला. पहिल्या फेऱ्याने काय उघडतं? काहीच नाही. दार ज्याच्या हाताने उघडतं तो ड्यूक. दुसरा माझा, आणि यात बदल नाही."

गेर्वाझिओ टबाच्या काठावर बसून राहिला. भाऊबंदकीत अकरा जून वाया गेले होते आणि या दोघांना मुळात वेगवेगळी गोष्ट हवी होती. त्याला हसावं की टबात डोकं आपटून घ्यावं ते कळेना. त्याने दोघांना काहीच समजावलं नाही. दोघांच्याही सहीचा निरोप बिशपसाहेबांकडे गेला की घरात ठरलं आहे, आणि त्यांनी तेवढ्यावर पालखीला परवानगी दिली. लुदोविकोचे लोक म्हणाले, आपण जिंकलो. ताद्देओचे लोकही तेच म्हणाले.

मे महिन्याच्या सुरुवातीला गावभर पालखीच्या पताका लागल्या. त्याच आठवड्यात स्टुटगार्टहून लोरिस आला, सामानसुमानासकट, कायमचा. कारखान्याने माणसं कमी केली होती. त्याने आईला मिठी मारली, बहिणीच्या पाठीत धपाटा घातला आणि जेवायला बसता बसता म्हणाला, "बाबा, पालखी निघणार म्हणे. माझा सदरा आईला सैल करायला सांगतो. पोट सुटलंय माझं."

नीवेसने चमचा खाली ठेवला. "सदरा कशाला?"

"दांड्याखाली काय उघडा जाऊ?"

"ती जागा माझी आहे."

"तुझी? थोरला कोण आहे घरात?"

"तू सोडलीस ती. याच टेबलावर. मी इथेच बसले होते."

"अगं, मी चिडलो होतो. चिडून बोललेलं कुणी मनावर घेतं का? बाबा, सांग ना हिला."

"बाबा, तूच सांग त्याला," नीवेस म्हणाली.

गेर्वाझिओने दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आधी जेवा."

पुढचे दिवस तो हेच करत राहिला. नीवेस एकटी सापडली की तो म्हणायचा, शब्द म्हणजे शब्द, तू काळजी करू नकोस. लोरिसबरोबर पडवीत बसला की म्हणायचा, रक्त ते रक्त, बघू आपण. लोरिसला काम नव्हतं, घर नव्हतं, बायको जर्मनीतच राहिली होती. त्या पोराला आता कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? आणि नऊ वर्षं चाकं वाहून जिने खांदा तयार केला तिला तरी कोणत्या तोंडाने? संध्याकाळी बारमध्ये तो ड्यूक लोकांवर नेहमीपेक्षा जास्त तोंडसुख घ्यायचा. "एवढी मोठी माणसं, आणि एका घरातला साधा निकाल लावता येत नाही," तो म्हणायचा. ओत्तोरिनो मान हलवायचा. एकदा तो नुसता म्हणाला, "तुझ्या घरी काय ठरलं?" तर गेर्वाझिओ पैसे ठेवून उठून गेला.

नव्या भोयासाठी घरच्या बाईने खांद्याची उशी शिवायची असते. पांढरं कापड, आत मेंढीची लोकर, आणि कडेला नाव भरायचं. ओल्गाने उशी शिवली. लोकर भरली. मग सुईत तांबडा दोरा ओवून ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"नाव सांग."

"उद्या सांगतो."

"परवाही तू हेच म्हणालास."

"माझं डोकं खाऊ नकोस, ओल्गा. कोपऱ्यावर पोहोचलो की आपोआप तोंडातून निघेल. बापाच्या तोंडातून निघालंच होतं ना?"

"तुझ्या बापाला तू एकटाच होतास," ओल्गा म्हणाली, आणि दोरा तोडून उशी तशीच कपाटात ठेवली.

पंचवीस जूनला चर्चमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पाद्रीबाबांनी आपलं कुलूप काढलं, नगराध्यक्षबाईंनी, बिनबाहीच्या झग्यात, आपलं काढलं. मग डॉन लुदोविको पुढे झाला, त्याने किल्ली घालून एक फेरा दिला आणि राज्य परत मिळाल्यासारखं वळून लोकांकडे बघितलं. डॉन ताद्देओने आपल्या किल्लीने दुसरा फेरा दिला. दार सुटलं. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच हसू होतं. बायका रडल्या, बाप्ये खोकले, आणि भोयांनी सान्ताला खांद्यावर घेतलं.

भार आला तसा गेर्वाझिओ सगळं विसरला. खांदा मऊ पडला होता, कातडी पहिल्याच वळणावर सोलली, गुडघा कुरकुरू लागला, आणि त्याला फार बरं वाटत होतं. दांड्याचा वास तोच होता. ओत्तोरिनो पुढे उलटा चालत ताल देत होता, गच्च्यांवरून पाकळ्या पडत होत्या, दोन्ही ड्यूक मागे दोन वेगवेगळ्या छत्र्यांखाली चालत होते. महाल गेला, औषधवाल्याचं दुकान गेलं, कारंजं गेलं. मग ताज्या पावाचा वास आला.

भट्टीच्या दाराशी नीवेस उभी होती, पांढऱ्या सदऱ्यात. तिच्या शेजारी लोरिस, तोही पांढऱ्या सदऱ्यात. मध्ये ओल्गा, हातात ती बिननावाची उशी. तिघंही त्याच्याकडे बघत होते.

"पालट," ओत्तोरिनो ओरडला.

गेर्वाझिओने तोंड उघडलं. नीवेसचं नाव जिभेवर होतं, अगदी होतं. तेवढ्यात त्याला लोरिसचा चेहरा दिसला. आठ वर्षांचा असताना तो याच खांद्यावर बसून दांड्याखालच्या आजोबांना बघायचा, तेव्हा दिसायचा तसाच. मग लोरिस म्हणावं असं वाटलं, तर नीवेसचा डावा खांदा किंचित पुढे आलेला दिसला, आत शिरायला तयार.

"पालट, गेर्वाझिओ. नाव घे की," ओत्तोरिनो पुन्हा ओरडला.

मागचे भोई पावलं टाकत होते. पालखी थांबत नाही. नीवेसने एक पाऊल पुढे टाकलं, लोरिसनेही टाकलं, आणि दोघांचे खांदे एकमेकांवर आदळले. गेर्वाझिओ त्यांच्यासमोरून दांड्याखालीच चालत पुढे गेला. भट्टी मागे पडली. ओत्तोरिनोने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि पुन्हा ताल धरला.

फेरी संपली, सान्ता जाळीआड गेली, लोक जेवणाच्या मंडपाकडे पळाले. गेर्वाझिओ चर्चच्या पायरीवर सदरा उतरवून बसला होता. खांद्यातून रक्त येत होतं. डॉन ताद्देओ आला, त्याला पाण्याची बाटली दिली आणि कोटाची पर्वा न करता शेजारी बसला. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला डॉन लुदोविकोही येऊन बसला.

"आमच्या आजोबांच्या वडिलांनाही वारसाचं नाव घेता आलं नव्हतं," लुदोविको म्हणाला. "लोकांना वाटतं भांडण दंतवैद्याच्या मुलीवरून झालं."

"दोघं पोरगे समोर उभे होते म्हणे," ताद्देओ म्हणाला. "म्हातारा म्हणाला, उद्या सांगतो."

गेर्वाझिओला ती बाटली पायरीवर फोडावीशी वाटली. जन्मभर त्याने या घराण्याला नावं ठेवली होती, आणि आज ते दोघं पहिल्यांदाच त्याच्याशी घरच्या माणसासारखे बोलत होते.

चिठ्ठ्या जुलैत टाकल्या. पुढचा डावा दांडा खाटकाच्या जावयाला निघाला. पोरगा बरा आहे, पण चालताना उजवीकडे झुकतो. त्या उन्हाळ्यात गारा पडल्या नाहीत. द्राक्षं अशी आली की लोक रस्त्यात अडवून गेर्वाझिओचे आभार मानायचे. दोन्ही ड्यूकांनी त्याला सरदारकी दिली. पदकं एकाच दिवशी टपालाने आली. त्याने ती न उघडताच कोळशाच्या डब्यावर ठेवली.

लोरिस आता वरच्या आळीत भाड्याने राहतो. नीवेस कारखान्याजवळ राहायला गेली. ती दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांचंही म्हणणं एकच आहे की बाबा माझंच नाव घेणार होता.

रविवारी दोघंही आईकडे येतात, वेगवेगळ्या वेळी. ती उशी ओल्गाने स्वयंपाकघरातल्या मोडक्या खुर्चीवर टाकली आहे. शेजारीपाजारी येतात, त्या खुर्चीवर बसतात, गप्पा मारतात, उशी मऊ आहे म्हणतात. लोरिस आला की खुर्ची बदलतो. नीवेस आली की उभीच राहते, आणि गेर्वाझिओ ताटात मान घालून जेवत राहतो.